बाबांची गोष्ट कोणी लिहिली?

तुकोबांची पालखी देहूतून बाहेर पडते तेव्हा तिचा पहिला विसावा हजरत अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तिथे अभंग होतो, आरती होते आणि मग वारकरी आकुर्डीच्या मुक्कामाकडे चालू लागतात. आम्ही लोणावळ्याचे. आमच्या गावाजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूला जाते आणि पुढे आळंदीला. त्यामुळे देहू आम्हाला कधी परके वाटले नाही. लहानपणी दादीचे बोट धरून लोकलने देहूरोडला उतरायचे आणि पुढे देहूला जायचे, हे ठरलेले. दादी वाटेत गोष्ट सांगायची. फकिराचा कटोरा कितीही घातले तरी भरत नसे, आणि तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातले तसा तो काठोकाठ भरला. ही गोष्ट मी शंभर वेळा तरी ऐकली असेल.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची, जी पुण्यात बी.ए. करते, रविवारी घरी आली. चहा झाला, भजी झाली, तरी ती गप्प होती. शेवटी म्हणाली, "खाला, एक विचारू? अनगडशाह बाबा खरेच होते का?"

मी दचकले. विचारले, "का गं बेटा?"

तिच्या वर्गाच्या ग्रुपवर दोन मजकूर फिरत होते. एकात लिहिले होते की असा कोणी फकीर नव्हताच, हे सगळे नंतर घुसडलेले आहे. दुसऱ्यात लिहिले होते की तुकोबा या बाबांचेच मुरीद होते आणि हे सत्य दडवले गेले. दोन्ही मजकुरांखाली नाव नव्हते, पुस्तकाचा उल्लेख नव्हता. पण दोन्हींवर भांडण मात्र जोरात चालू होते. भाचीला दोन्ही बाजूंनी विचारले गेले, "तुमचे बाबा ना? मग पुरावा दे." तिच्याकडे दादीची गोष्ट होती. पुरावा नव्हता.

मी तीस वर्षे शाळेत शिकवले, पण त्या क्षणी माझ्याकडेही उत्तर नव्हते. उलट एक जुनी शरम आठवली.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका उरुसाच्या स्मरणिकेसाठी मला लेख मागितला होता. वेळ कमी होता. मी इंटरनेटवर त्या बुजुर्गांचे नाव टाकले, पहिल्या दोन पानांवरचा मजकूर उतरवला, जन्माचे साल, वफातीचे साल, करामती, सगळे लिहून दिले. स्मरणिका छापली गेली. पुढच्या वर्षी कोणीतरी माझाच लेख एका संकेतस्थळावर टाकला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पुस्तिकेत "जुन्या ग्रंथांनुसार" म्हणून तेच साल आले. तो जुना ग्रंथ म्हणजे मी होते! आणि मी ते साल कुठून घेतले, याचा पत्ता मलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. इंटरनेटवर एखादी माहिती वीस ठिकाणी दिसली म्हणजे वीस साक्षीदार मिळाले असे होत नाही. बहुतेक वेळा साक्षीदार एकच असतो आणि बाकीचे एकोणीस त्याच्या मागे उभे असतात.

भाचीला मी म्हटले, "चल, आपण दोघी मिळून शोधू." त्या शोधाची ही हकीकत. दर्ग्यावर जावे की जाऊ नये, मन्नत मागावी की नाही, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर घराघरांत मते वेगळी आहेत. पण ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांच्याविषयी खोटे बोलू नये, यावर दुमत नसावे.

सनद ही आपलीच शिकवण

अवलियांच्या चरित्राला आपण तजकिरा म्हणतो. त्यांच्या बैठकीतले बोल मुरिदांनी लिहून ठेवले तर ते मलफूजात. मराठीत संतचरित्रे आहेत, ख्रिस्ती जगात संतांची चरित्रे आहेत. हा सगळा एकाच घराण्यातला मजकूर आहे. तो भक्तीने लिहिलेला असतो. लिहिणाऱ्याला तारीख सांगण्यापेक्षा मन वळवायचे असते.

मग त्यातले खरे-खोटे कसे निवडायचे? भाचीला वाटत होते की ही चिकित्सा म्हणजे परदेशी विद्यापीठांची गोष्ट. मी तिला हदीसची आठवण करून दिली. इमाम बुखारी (रह.) यांचा काळ इ.स. ८१० ते ८७०. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांच्या कामाचा पायाच हा होता की बोल कितीही सुंदर असला तरी आधी विचारायचे, तुला कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले? ते दोघे कधी भेटले होते का? सांगणाऱ्यांच्या या साखळीला सनद म्हणतात, आणि साखळीतल्या माणसांची माहिती गोळा करण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच, अस्मा उर रिजाल, उभे राहिले. तेव्हा प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, असे कोणी म्हटले तर त्याला ही गोष्ट सांगावी.

हीच कसोटी हजरत राबिया बसरी (रह.) यांच्या गोष्टींना लावून पाहू. हसन बसरी (रह.) आणि राबिया यांच्यातले संवाद आपण वाजांत ऐकतो. हसन बसरींनी त्यांना निकाहाचे विचारले, त्यांनी चार प्रश्न घातले, वगैरे. यातल्या बऱ्याच गोष्टी फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'तजकिरतुल औलिया'मुळे पसरल्या. आता साले मांडा. हसन बसरींचे निधन ७२८ सालचे. राबियांचा जन्म ७१७ च्या सुमाराचा मानतात, निधन ८०१ चे. म्हणजे हसन बसरी गेले तेव्हा राबिया जेमतेम अकरा वर्षांच्या मुलगी होत्या. आणि अत्तारांनी लिहिले ते राबियांच्या नंतर सुमारे चारशे वर्षांनी.

भाची म्हणाली, "म्हणजे सगळे खोटे?"

नाही. राबिया होत्या, त्यांची इबादत होती, अल्लाहवर निरपेक्ष प्रेम करण्याची त्यांची शिकवण लोकांच्या मनात इतकी खोल गेली की चारशे वर्षांनीही लेखकांना ती सांगण्यासाठी प्रसंग रचावेसे वाटले. प्रसंग घडला नसेल. शिकवणीचा प्रभाव मात्र खरा आहे. चरित्र वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की अर्धे काम झाले.

खुलताबादचे कागद

आपल्या महाराष्ट्रात या अभ्यासाचा खजिना खुलताबादला आहे. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीहून जे सूफी दख्खनेत आले, त्यांत हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब होते. त्यांचे निधन १३३७ साली झाले. बुरहानपूर शहराला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या मुरिदांत काशानी घराण्यातले तीन भाऊ होते, आणि तिघांनीही आपल्या पीरांविषयी लिहून ठेवले. रुकनुद्दीन काशानी यांचे 'नफाइसुल अनफास', हम्माद काशानी यांचे 'अहसनुल अकवाल' आणि मजदुद्दीन काशानी यांचे 'गराइबुल करामात'. हे लेखक त्या बैठकीत बसणारे होते. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने याच कागदांवर १९९२ साली खुलताबादचा मोठा ग्रंथ लिहिला.

या जवळच्या साक्षीदारांच्या कागदांत काय दिसते? नमाज, रोजा, समा, पाहुण्यांची खिदमत, मुरिदांची अडीअडचण. पण पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या चरित्रांत शेकडो अवलियांच्या पालख्या, लढाया, राजांचा पाडाव अशा कथा वाढत गेल्या. लिहिणाऱ्याला वाटले, आपल्या बुजुर्गांचा मोठेपणा सांगतो आहोत. आज त्याच उशिराच्या बढाईचा तुकडा कापून कोणी म्हणतो, "बघा, तुमचेच पुस्तक सांगते." म्हणून मी म्हणते, तारीख तपासणे हा काही पंडितांचा छंद नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अतिशयोक्तीचे ओझे माझ्या भाचीने वर्गात का वाहावे?

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. अमीर हसन सिजझी यांनी निजामुद्दीन औलियांच्या बैठकींची नोंद १३०८ ते १३२२ या काळात केली. तो ग्रंथ 'फवाइदुल फुआद'. प्रत्येक बैठकीची तारीख दिलेली आहे आणि लिहिलेले खुद्द हजरतांनी नजरेखालून घातले होते. अमीर हसन यांची कबर खुलताबादलाच आहे. हा ग्रंथ इतका गाजला की पुढे आधीच्या बुजुर्गांच्या नावावरही मलफूजात तयार झाली. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती (रह.) यांच्या नावाची 'अनीसुल अरवाह' हे त्यातलेच एक. अलीगढचे इतिहासकार मुहम्मद हबीब यांनी १९५० साली दाखवून दिले की ही पुस्तके नंतर कोणीतरी लिहून या बुजुर्गांच्या नावावर खपवलेली आहेत. त्यांचा एक मोठा आधार कोणता होता? तो घरचाच होता. हजरत नसीरुद्दीन चिराग देहलवी (रह.) यांच्या मलफूजातीत, 'खैरुल मजालिस'मध्ये, त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की आमच्या पीरांनी एकही पुस्तक लिहिले नाही, त्यांच्या आधीच्या बुजुर्गांनीही नाही. तरीही ही पुस्तके आजही उर्दूत छापली जातात, उरुसात विकली जातात आणि इंटरनेटवर सर्वांत आधी तीच समोर येतात.

दुसऱ्यांच्या घरात डोकावून

ही अडचण फक्त आपली आहे असे समजू नका. युरोपात ख्रिस्ती संतांच्या चरित्रांचा असाच गुंता झाला होता. बेल्जियममधल्या जेझुइट धर्मगुरूंनी तो सोडवायला घेतला. जाँ बोलाँ यांनी १६४३ साली संतचरित्रांच्या महाग्रंथाचे पहिले खंड काढले. त्यांच्या नावावरून त्या मंडळींना बोलाँदिस्त म्हणतात, आणि त्यांचे काम ब्रसेल्समध्ये आजही चालू आहे. हे लोक श्रद्धावान होते. तरीही त्यांच्यातल्या पापेब्रोख यांनी लिहिले की एका साधुसंघाची 'आमची सुरुवात थेट एलियाह पैगंबरांपासून' ही कथा कागदांवर टिकत नाही. केवढा गदारोळ झाला! १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्यांचे खंडच निषिद्ध ठरवले. तरी काम थांबले नाही.

अमेरिकेतल्या फोर्डहॅम विद्यापीठाच्या 'इंटरनेट मिडीव्हल सोर्सबुक' या संग्रहात मध्ययुगीन संतचरित्रांचा मोठा विभाग सर्वांना मोफत वाचायला ठेवला आहे. तो चाळताना भाचीला गंमत वाटली. न संपणारे अन्न, न भरणारे किंवा न रिकामे होणारे भांडे, शापाने पेटलेले अंग, संताच्या स्पर्शाने आलेला थंडावा. सगळे तिथेही! देश वेगळा, भाषा वेगळी, प्रसंग तेच. अशा प्रसंगांना भटक्या गोष्टी म्हणायला हरकत नाही. एखाद्या बाबांच्या चरित्रात अशी गोष्ट दिसली तर ती त्यांचीच खास नोंद आहे, असे धरून चालू नये.

कुठे शोधायचे

आता कामाचे. घरी मोबाइल आणि थोडी सबुरी असेल तर पुढच्या जागा कोणालाही उघडता येतात.

पहिली जागा 'इंटरनेट आर्काइव्ह'. जुन्या, हक्क संपलेल्या पुस्तकांची लाखो पाने तिथे छायाचित्राच्या रूपात आहेत. फारसी तजकिरे, त्यांचे उर्दू तर्जुमे, हुजवेरी (रह.) यांच्या 'कश्फुल महजूब'चा निकल्सन यांनी केलेला १९११ चा इंग्रजी अनुवाद, मराठी संतचरित्रांच्या जुन्या आवृत्त्या, असे पुष्कळ काही सापडते. इथे बाबांच्या नावाने न शोधता पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावाने शोधा. पुस्तक उघडले की आधी मुखपृष्ठानंतरचे पान पाहा. छापखाना कोणता, साल कोणते, मूळ आहे की तर्जुमा?

दुसरी 'रेख्ता' आणि तिचेच भावंड 'सूफीनामा'. उर्दू वाचता येत असेल तर रेख्ताच्या ग्रंथसंग्रहात तजकिऱ्यांची रांगच आहे. सूफीनामावर बुजुर्गांचा परिचय आणि कलाम देवनागरीतही मिळतो. परिचय वाचावा, पण तिथे थांबू नये. त्यात ज्या पुस्तकाचे नाव येईल ते शोधावे.

तिसरी जागा ज्ञानकोशांची. इराणी संस्कृतीवरचा 'एन्सायक्लोपीडिया इरानिका' इंग्रजीत खुला आहे. हिंदुस्थानातल्या फारसी ग्रंथांवरही त्यात चांगल्या नोंदी आहेत. तुर्कस्तानच्या धार्मिक प्रतिष्ठानाचा ४४ खंडांचा इस्लाम ज्ञानकोश तुर्कीत आहे, पण मोबाइलवरच्या भाषांतराने कामापुरता कळतो. आणि आपला 'मराठी विश्वकोश' तर हाताशीच आहे. या तिन्हींत नोंदीखाली लेखकाचे नाव असते. ही छोटी गोष्ट नाही. नाव म्हणजे जबाबदारी.

चौथी जागा गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा, १८८५ चा. त्याच्या तिसऱ्या भागात देहू, लोहगड, कार्ला, खंडाळा अशी गावे-ठिकाणे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटियर संकेतस्थळावर ठेवली आहेत. इंग्रज अधिकाऱ्याने ऐकीव कथा लिहिली असेल, तर ती १८८५ साली सांगितली जात होती एवढे तरी सिद्ध होते. तेवढेही पुष्कळ असते.

पाचवी जागा दगडाची. दर्गे, मशिदी, कबरी यांवरचे अरबी-फारसी शिलालेख वाचून छापण्याचे काम सरकारने १९०७ पासून 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या नियतकालिकात सुरू केले. पुढे ते पुरातत्त्व खात्याच्या अरबी-फारसी पुरवणीत चालू राहिले. या शिलालेखांचे काम पाहणारी खात्याची शाखा नागपूरला आहे. जुने अंक इंटरनेटवर मिळतात. दगडावर कोरलेले साल बदलणे अवघड असते, म्हणून माझा त्यावर सर्वांत जास्त भरवसा. गडावरच्या एखाद्या दर्ग्याविषयी, आपल्या मावळात लोहगडावर आहे तशा, वाद कानावर आला तर आवाज चढवण्याआधी गॅझेटियर, शिलालेख आणि पुरातत्त्व खात्याच्या नोंदी या तीन गोष्टी वाचाव्यात.

सालांचा हिशोब करताना गडबड होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. हिजरी सालाला ३३ ने भागा, आलेला आकडा हिजरीतून वजा करा आणि ६२२ मिळवा. ७३८ हिजरीचे उदाहरण घ्या. ३३ ने भागून आले २२, उरले ७१६, अधिक ६२२ म्हणजे १३३८. प्रत्यक्षात १३३७. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो. एखाद्या पुस्तिकेत हिजरी आणि इसवी सालांत तीस-चाळीस वर्षांची तफावत निघाली तर मात्र कान टवकारावेत.

नावे शोधताना एकच शुद्धलेखन धरून बसू नका. अनगडशाह, अनगडशहा, अनगड शाह, अंगडशा, सगळे टाकून पाहा. मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत, तिन्ही लिप्यांत.

अनगडशाह बाबांपर्यंत

हे सगळे घेऊन आम्ही दोघी पुन्हा देहूकडे वळलो. चार प्रश्न कागदावर लिहिले. कोणी लिहिले? कधी लिहिले? त्याला कोणी सांगितले? ते खरे मानल्याने लिहिणाऱ्याचा काय फायदा?

तुकोबांचे निर्याण शके १५७१, म्हणजे १६५० सालचे. अनगडशाह बाबांचा प्रसंग सविस्तर सांगणारे महिपती. ताहराबादचे कुलकर्णी, ब्राह्मण, वारकऱ्यांचे मोठे चरित्रकार. त्यांचे 'भक्तिविजय' १७६२ चे आणि 'भक्तलीलामृत' १७७४ चे. म्हणजे तुकोबांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. प्रसंग असा. वाघोलीचे रामेश्वर भट्ट तुकोबांचे विरोधक. ते फकिराच्या विहिरीवर स्नान करतात, फकिराचा कोप होतो, त्यांच्या अंगाची लाही होते. काही केल्या दाह शमत नाही. शेवटी तुकोबांच्या कृपेने तो शमतो आणि रामेश्वर भट्ट त्यांचे भक्त होतात.

आता साक्षीदार मोजू. रामेश्वर भट्ट हे खरे ऐतिहासिक पुरुष. वारकरी आजही त्यांनी रचलेली तुकोबांची आरती म्हणतात. विरोधक भक्त झाला, ही गोष्ट त्यांच्याच रचनेवर उभी आहे. तुकोबांच्या हयातीत देहूला येऊन राहिलेल्या बहिणाबाई (१६२८ ते १७००) यांचे आत्मचरित्र आहे. त्या काळच्या देहूतला विरोध आणि छळ समजून घ्यायला त्याच्याइतका जवळचा कागद नाही. दाहाची आणि कटोऱ्याची गोष्ट मात्र आपल्याला नंतरच्या चरित्रकाराकडून आणि देहूच्या तोंडी परंपरेतून मिळते. महिपती प्रामाणिक होते. 'भक्तिविजया'त ते सांगतात की आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहीत आहोत. म्हणजे त्यांनीही एक प्रकारे सनद दिली!

मग भाचीने वर्गात काय सांगावे? आम्ही तीन वाक्ये तयार केली.

एक, 'हे आत्ता कोणी घुसडले' हे म्हणणे टिकत नाही. १७७४ सालच्या ग्रंथात बाबा नावानिशी आहेत. दोन, 'तुकोबा त्यांचे मुरीद होते' हेही टिकत नाही. ज्या ग्रंथाने बाबांना इतिहासात जागा दिली, त्यात तुकोबा त्यांचे मुरीद नाहीत, उलट फकिराचा कोप शमवणारे तुकोबाच आहेत. तीन, कटोरा भरला की नाही हे सिद्ध करण्याची गोष्ट नाही. ती सांगण्याची गोष्ट आहे.

आणि चौथी गोष्ट भाचीनेच शोधली. ती म्हणाली, "खाला, महिपतींना फकीर गोष्टीतून सहज काढता आला असता. पेशवाईचा काळ, ब्राह्मण लेखक, वारकरी श्रोते. तरी त्यांनी फकिराची ताकद खरी मानली. म्हणजे त्या काळी ऐकणाऱ्यांनाही ते खटकत नव्हते." मी तिच्याकडे पाहतच राहिले. तीस वर्षांच्या शिकवण्यात मला हे सुचले नव्हते. चरित्र ज्या संताचे असते त्याच्याविषयी ते कधी थोडे सांगते, पण लिहिणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या काळाविषयी नेहमीच खरे सांगते.

असे नाव काही एकटे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचा 'योगसंग्राम' १६४५ चा, मराठी संतपरंपरेत मानाने बसलेले आहेत. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात अशा अनेकांचा शोध घेतला. तो प्रत्येक मराठी मुस्लिम घरात असावा असे मला वाटते.

एक इशारा

भाचीने मधेच मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले. उत्तर क्षणात आले, भाषा झकास, आणि सोबत दोन ग्रंथांची नावे. आम्ही ती नावे सगळीकडे शोधली. तसे ग्रंथ कुठेच नव्हते! यंत्राने ती बेमालूम बनवली होती. तर्जुम्याला, अवघड उतारा समजून घ्यायला हे यंत्र कामी येते. साक्षीदार म्हणून त्याला उभे करू नये. जे पुस्तक त्याने सांगितले ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

घरातले काम

सगळे इंटरनेटवर नसते. पुष्कळसे अजून आपल्या पेटाऱ्यात आहे. दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी, उरुसासाठी मिळालेल्या इनामांच्या सनदा फारसीत आणि मोडीत आहेत. काही मुजावर घराण्यांकडे, काही पुण्याच्या पेशवे दफ्तरात. तजकिरा करामत सांगतो, सनद तेलाचा खर्च सांगते. इतिहासाच्या दृष्टीने तेलाचा खर्च जास्त बोलका, कारण त्यावर साल असते, शिक्का असतो, आणि कोणत्या राजवटीने कोणत्या दर्ग्याला काय दिले हे त्यात असते. असा कागद घरी असेल तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. उजेडात सरळ वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंचा, आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच काम करणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात आहेत.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलते करा. दादी, नानी, मोठे अब्बू जी गोष्ट सांगतात ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि "तुम्हाला ही कोणी सांगितली?" एवढे विचारा. माझी दादी गेली तेव्हा तिच्यासोबत तिची सनदही गेली. तिला कोणी सांगितले होते, हे मी कधी विचारलेच नाही.

त्या स्मरणिकेच्या मंडळाला मी या वर्षी पत्र लिहिले. माझ्या लेखातली साले कशावर आधारलेली नाहीत, ती पुन्हा छापू नयेत, असे कळवले. लिहिताना हात जड झाला, पण पत्र टाकून आले तेव्हा हलके वाटले.

भाचीने वर्गाच्या ग्रुपवर आपली तीन वाक्ये टाकली, ग्रंथांच्या नावांसह आणि सालांसह. दोघांनी वाद घातला, एकाने पुस्तक कुठे मिळेल विचारले. तो एकच पुरे.

पुढच्या ज्येष्ठात आम्ही दोघी देहूला जाणार आहोत, लोकलनेच. वाटेत मी तिला कटोऱ्याची गोष्ट सांगेन, दादी सांगायची तशीच, एक शब्द न बदलता. फक्त सुरुवातीला एवढेच म्हणेन, "बेटा, ही गोष्ट मला माझ्या दादीने सांगितली."